देशाला दिलेले ग्रेस मार्क

आजवर हे कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापुढे मी चोरून खाल्लेली जिलेबीही कबूल करतो, त्यावरून काय ते समजा. तुम्हाला सांगतोय, कारण... जाऊ दे. कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल.

मी मूळचा लांज्याचा, पण दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाच्या सरकारी मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. त्या वर्षी पंतप्रधानांची पाच वर्षं संपत आली होती आणि जो तो देशाची नाडी तपासत होता — पानाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, आमच्या स्टाफरूममध्ये तर विचारूच नका. मला वाटलं, मुलांनीच का तपासू नये? आठवीच्या वर्गाला म्हटलं, देश हा विद्यार्थी, तुम्ही मास्तर. करा त्याचं प्रगतिपुस्तक! स्वतःवर केवढा खूश झालो होतो मी.

कार्ट्यांनी कमाल केली हो! बहुतेक सगळी गावातल्याच आमली भागातल्या चाळींतली, कारखान्यातल्या कामगारांची पोरं. पाणी — सतत गैरहजर, पालकांनी येऊन भेटावे. वीज — हुशार, पण मध्येच वर्गातून पळते. महागाई — उंच उडीत पहिला नंबर. वाचून मी एकटाच खदाखदा हसत होतो.

सगळ्यांचे मार्क एकत्र करून मोठ्या पुठ्ठ्यावर उतरवले ते मनीषाने. ही वर्गाची मॉनिटर. बाप धुळ्याकडचा, इथे धाग्याच्या कंपनीत कामाला. डबा कुणी पळवला, काच कुणी फोडली — मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, थेट मनीषालाच विचारायच्या. ती म्हणाली की विषय संपला. तेराव्या वर्षी एवढी पत! माझी पन्नाशीतही नव्हती.

आणि निरोप आला — उद्या वरून साहेब येणार, शाळा बघायला.

झालं! पाण्याला शंभरात अठ्ठावीस, रोजगाराला एकतीस, आणि खाली सही माझी. सरकारी नोकर मी! आमच्याच प्रशासनाखालच्या, पण पार समुद्रापलीकडच्या दीवला बदली केली तर? लोक पैसे भरून दीवला फिरायला जातात, आणि मला फुकट जायच्या कल्पनेने घाम फुटला होता.

शाळा सुटल्यावर मी वर्गात एकटा थांबलो. व्हाइटनर लावला, वाळेपर्यंत फुंकर मारली आणि मनीषाच्या वळणाचं अक्षर काढलं. पाणी ब्याण्णव. रोजगार अठ्ठ्याऐंशी. ‘सतत गैरहजर’च्या जागी ‘नियमित व नम्र’. काठावरच्या पोरांना ग्रेस देऊन पास करण्यात माझी हयात गेली, पण अख्खा देश एका बाटलीत वर काढला तो त्या संध्याकाळीच.

दुसऱ्या दिवशी साहेब पुठ्ठ्यापुढे उभे राहिले. पाण्याला ब्याण्णव? कुणी दिले एवढे? रागाने नाही हो, हसत विचारलं त्यांनी. मागाहून कळलं की त्यांच्याच क्वार्टरमध्ये नळ कोरडा होता आणि साहेब बिनअंघोळीचे आले होते! पण हे मागाहून.

मनीषा उठली. पुठ्ठ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

“साहेब, मी अठ्ठावीस लिहिले होते. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी येतं पाणी.”

मोठ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. साहेबही. ‘मी बदलले’ — एवढे दोन शब्द पुरे होते. काय झालं असतं? फार तर साहेब खो-खो हसले असते. पण माझं तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं?

“खोटं बोलतेय ती. पुढे पुढे करायची सवयच आहे तिला.”

इतकं सहज! जरा अडखळलोसुद्धा नाही. माझ्या अंगठ्याच्या नखात व्हाइटनर राहिला होता, तो तिला दिसला. मला कळलं की तिला दिसला. मी हात खिशात घातला. ती माझ्याकडे बघतच हळूच म्हणाली, “हो साहेब. मी खोटं बोलले.”

कशाला म्हणाली ती असं? मला वाचवायला? की भांडून काही उपयोग नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं? मी कधी विचारलं नाही. विचारायची माझी छाती नव्हती.

साहेब चहा पिऊन गेले. माझी बदली झाली नाही. मोठ्या बाईंनी मनीषाचा मॉनिटरचा बिल्ला काढून घेतला, त्यानंतर तिला कुणी काही विचारेनासं झालं. वर शिक्षा — ‘मी पुन्हा खोटं बोलणार नाही’ शंभर वेळा लिहायचं आणि वर्गशिक्षकांना दाखवायचं. वर्गशिक्षक मीच.

तिने वही आणून माझ्यापुढे ठेवली. मी ओळी मोजल्या — हो, मोजल्या! नव्याण्णव भरल्या. मी वही परत तिच्याकडे सरकवली. तिने माझ्याच टेबलावर वाकून शंभरावी ओळ लिहिली, आणि मी खाली सही केली.