डबलने भरून दिलेली कॅसेट

आमचा मित्र डबल कॅसेटला हात लावण्याआधी लिंबाने हात धुवायचा. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात घर, आई मासळी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायची, म्हणजे घरात कशालाही वास लागणारच. "टेपला मासळीचा वास बसला की आवाज पण बसतो," हे तो इतक्या खात्रीने सांगायचा, की कॉलेजात जाणारा मीसुद्धा ते खरं धरून चाललो होतो. त्याच्याकडून कॅसेट घ्यायची तर घेणाऱ्यानेही हात धुवायचे. त्यासाठी मोरीच्या कठड्यावर अर्धं लिंबू कायम असायचं.

त्याचा थोरला भाऊ परदेशी जाणाऱ्या बोटीवर कामाला होता. त्याने बाहेरून दोन कॅसेटींचा डेक आणून दिला, म्हणून याचं नाव डबल पडलं. एका खणात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, की झाली भरून. भावाने आणलेल्या मूळ कॅसेटींत एका इंग्लंडच्या बँडची कॅसेट होती. कव्हरवर लांब कोट घातलेले चार जण, चौघांचे चेहरे मख्ख. नाव धड उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्यांना कोटवाले म्हणायला लागलो. अशा संगीताला न्यू वेव्ह म्हणतात हे मला नंतर कॉलेजात कळलं. डबलला ते सांगितलं तर म्हणाला, "नाव काय पण असू दे. ही माणसं रडतात, पण नाचत रडतात." मी नंतर या बँडवर बरंच काही वाचलं, याहून नेमकं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

माझे वडील पालिकेच्या कचरागाडीवर होते आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी आजही मान वर करून सांगतो. पण तेव्हा कँटीनमध्ये इंग्रजी शाळांतली मुलं गाण्यांच्या गप्पा मारायला लागली की माझी मान खाली जायची. एकदा त्यांच्यातला एक जण कोटवाल्यांचं नाव घेऊन म्हणाला, कुठे मिळत नाही यार. मी म्हटलं, माझ्याकडे अख्खी कॅसेट आहे. त्या दिवसापासून त्या टेबलावर माझ्यासाठी सरकून जागा केली जायला लागली. ती जागा मला दहावी नापास डबलने मिळवून दिली. तो मला नावाने हाकच मारत नसे. मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हापासून "काय बीकॉम?" आणि चारचौघांत, "हा आपला बीकॉम."

कॅसेट भरताना खोलीत बोलायची बंदी होती. मी एकदा समजावलं, अरे, आवाज वायरीतून जातो, आपलं बोलणं आत जात नाही. डबल म्हणाला, "तुझं जात नसेल. सुर्व्याचं जातं." सुर्वे आमचा मालवणी मित्र, कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जायचं. चौथा दिलीप. चौघं जण त्या डेकसमोर देवघरात बसल्यासारखे बसायचो.

मग डेकमधला, कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा तुटला. तसाच दुसरा मुंबईभर मिळेना. शेवटी डबलने भलत्याच टेपरेकॉर्डरचा पट्टा बसवला आणि वेग जुळवायला मोटरच्या मागचा बारका स्क्रू फिरवत बसला. एक अख्खी दुपार, डोळे मिटून. कोळीवाड्याच्या ब्रास बँडमध्ये तो साइड ड्रम वाजवायचा, त्यामुळे ठेक्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. संध्याकाळी म्हणाला, "बसला." आम्हा तिघांच्या कॅसेटी त्यानंतरच्या.

पुढे मी विमा कंपनीत लागलो, मालाडला घर घेतलं. सुर्वे बोरिवलीला, दिलीप मुलुंडला. डबल वर्सोव्यातच राहिला, होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला. तरी महिन्यातला एक रविवार आम्ही कुणाच्या तरी घरी जमायचो. डबलला बोलवावं लागत नसे, तो सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असायचा.

या वर्षी बातमी आली की कोटवाले पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी जुनी गाणी नव्याने काढली. रविवारी मी तिघांना माझ्याकडे बोलावलं. नवा स्पीकर, फोन जोडला, गाणं लावलं. चौघांचेही चेहरे पडले.

"चार्जिंग उतरलंय का रे?" दिलीपने विचारलं.

"म्हातारे झाले बिचारे, धाप लागते," सुर्वे म्हणाला.

डबलची मान नकारार्थी हलत होती. "मिक्सिंग बदललंय. वाट लावली गाण्याची."

मग मी फोनवर त्यांचं तेव्हाचं मूळ रेकॉर्डिंग शोधून लावलं. तेही तसंच, सुस्त. आता मला चैन पडेना. कपाटावरून जुना टेपरेकॉर्डर काढला, डबलने भरून दिलेली कॅसेट लावली. सुरुवातीची खरखर, आणि मग ते आमचं गाणं, चपळ. मी घड्याळ लावलं. फोनवरचं चार मिनिटांचं गाणं कॅसेटवर पंधरा सेकंद आधी संपलं. दुसरं गाणं मोजलं, त्याचंही तेच.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला उत्तर सापडलं होतं, आणि उत्तर सापडलं की ते मोठ्याने सांगायची खोड मला कॉलेजापासून आहे.

"डबल, चूक तुझी आहे," मी म्हटलं. "तू स्क्रू जास्त फिरवलास. इतकी वर्षं तू आम्हाला चुकीचं ऐकवलंस."

सुर्वे हसत सुटला. "म्हणजे आपण खरे कोटवाले ऐकलेच नाय! डबलचं कारटून ऐकलं."

दिलीपही हसला. मीही हसलो. डबलने चहाचा कप आत नेऊन विसळून ठेवला, चपला घातल्या आणि म्हणाला, "निघतो. बोटीचं काम हाय." रविवारी त्याने कधी काम घेतलेलं नव्हतं.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी तो आला नाही. फोन उचलेना. आधी मला राग आला. पंधरा सेकंदांवरून कुणी रुसतं का? मी खोटं बोललो होतो का? त्याच्या पुढच्या महिन्यातला रविवारही तसाच गेला, तेव्हा मी वर्सोव्याला गेलो. डबल दारात इंजिन उघडून बसला होता, हात कोपरापर्यंत काळे.

"काय रे, फोन का उचलत नाहीस?"

"हात खराब असतात."

मी शेजारी बसलो. म्हटलं, "वेग चुकला होता, एवढंच म्हणालो ना मी."

"बरोबर म्हणालास." तो पाना फिरवत राहिला. "पट्टा तुटला तेव्हा मूळ वेग कुणाला आठवत होता? मोजायला काय होतं माझ्याकडे? आमच्या हळदीला ज्या चालीवर पोरं नाचतात, त्या चालीवर बसवला. त्या चालीवर हात माझा चुकत नाय. म्हटलं, एवढ्यावर आपली पोरं नाचतील. नाचलात की नाय?"

नाचलो होतो. सुर्व्याच्या हळदीत याच कॅसेटवर अख्खी वाडी नाचली होती, माझी आईसुद्धा.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू घड्याळ लावलंस."

एवढी पदवी, एवढी नोकरी, आणि एक साधं वाक्य जुळेना. शेवटी म्हटलं, "तो डेक काढ ना एकदा. आपण दोघंच ऐकू."

"भंगारात दिला. मूळ कॅसेटी पण." पाना न थांबवता तो म्हणाला. "चुकीची वस्तू घरात कशाला?"

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

मी चिडलो. म्हटलं, विचारायचं तरी होतंस, मी ठेवला असता. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, थकल्यासारखं. मग पुन्हा इंजिनात डोकं घातलं. निघताना मी म्हटलं, "रविवारी ये."

"बघू," तो म्हणाला. मुंबईत या शब्दाचा अर्थ मला कुणी शिकवायला नको.

त्यानंतर तो आलेला नाही. आम्ही तिघं जमतो. माझ्या कॅसेटची टेप त्या दिवसानंतर दोनदा गुंतली, आता लावायची भीती वाटते. म्हणून फोनवरचंच लावतो, जसं त्या चौघांनी इंग्लंडात गायलं अगदी तसं. गाणं सुरू झालं की माझा पाय आपोआप ठेका धरतो आणि दोन ओळींत पुढे निघून जातो. सुर्व्याचाही जातो. दिलीपचाही. तिघांचे पाय बरोबर एकाच जागी पोहोचलेले असतात आणि गाणं मागून येत असतं.

"बंद कर रे," गेल्या वेळी सुर्वे म्हणाला, इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं.