आईनं निवडलेला मिस्तरी

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्यामुळे समोरचा माणूस खरं बोलतो आहे असं धरून चालायची सवय मला उरलेली नाही. तिकीट विचारलं की एकदम खिडकीबाहेर बघणारे, नेमके त्याच क्षणी घोरायला लागणारे, मागच्या सीटकडे बोट दाखवणारे, सगळे नमुने मी पाहिले आहेत. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं तर आधी पुरावा काढून ठेवावा लागतो. तिचं काही खोटं नाही. पण निवृत्त झाल्यावर घाटंजीच्या घराचं काम काढलं, तेव्हा हा स्वभाव आता तरी कामी येईल असं मला मनापासून वाटलं होतं.

घर वडिलांनी बांधलेलं. पुढे-मागे दोन खोल्या, त्यामागे स्वयंपाकघर, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहायची आणि मी यवतमाळला. भिंतींना खालून ओल धरली होती, फरशी उखडली होती, संडास अंगणाच्या पार टोकाला. ऐंशीच्या घरातली बाई पावसाळ्यात चिखल तुडवत तिकडे जाते हे मला बघवत नव्हतं. दोन वर्षं मी मागे लागलो आणि दोन वर्षं ती एकच म्हणत राहिली, "राहू दे बाबू, मले काही तरास नाई." त्याच दोन वर्षांत तिने यवतमाळला येणंही बंद केलं होतं. या वयात एसटीला तिकीट लागत नाही, तरी नाही. विचारलं की गुडघे दाखवायची. मग एक दिवस फोनवर आपणहून म्हणाली, "कर काम. पन मिस्तरी मी सांगन तोच."

इथेच माझे कान टवकारले. हा मिस्तरी म्हणजे दर उन्हाळ्यात आमच्या घरावरचे कवेलू फेरायला येणारा माणूस. पन्नाशीचा, शेजारच्या खेड्यातला, विचारल्याशिवाय न बोलणारा. कमी बोलणाऱ्याचा मला आधीपासून भरवसा नाही. ठेक्यानं काम दिलं तर हा घाईघाईत उरकून जाणार, रोजीवर ठेवला तर दिवस लांबवणार. शेवटी रोजीवर ठेवला, आणि रोज सकाळच्या गाडीने जाऊन अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी त्याला सगळं नीट सांगितलं. भिंतींमधल्या देवळ्या, म्हणजे डबे-तांबे ठेवायचे ते कोनाडे, बुजवून टाकायचे. उंबरठे काढायचे, म्हणजे आई अडखळणार नाही. भिंती सपाट, पांढऱ्या. आणि स्वयंपाकघराचं दार आईच्या बाजेसमोरून हलवून डाव्या कोपऱ्यात न्यायचं, कारण जुन्या दाराच्या मागच्या जागेत संडास-बाथरूम बसत होतं. तो प्रत्येक गोष्टीला "हो भाऊ" म्हणाला. दुपारी आत डोकावलो तर हा बाजेपासून दारापर्यंत सुतळी ताणून तिला गाठी मारत होता.

"टेप आहे ना खिशात? मंग सुतळी कायले?"

"सुतळीनं बरं पडते भाऊ."

तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून आत पाहिलं. मिस्तरी डोळे मिटून, एक हात भिंतीला लावून, पावलं मोजत चालला होता. सात पावलं झाली की थांबायचा, मागे जाऊन पुन्हा मोजायचा. माझ्या डोक्यात एकच शब्द आला, गुप्तधन. आमच्या भागात जुन्या घराच्या भिंतीतून हंडा निघाल्याची गोष्ट प्रत्येक गावात एखादी तरी असते, आणि तो काढणारे असेच पावलं मोजत फिरतात म्हणे. वडिलांनी तरुणपणी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. घरात नवस नाही, गंडादोरा नाही, अंगारा नाही, असा मी वाढलेला. तरी त्या संध्याकाळी मिस्तरी गेल्यावर मी गुडघ्यांवर बसून खोलीचा कोपरान् कोपरा तपासला, कुठे लिंबू पुरलंय का, कुठे कुंकू सांडलंय का म्हणून. माझ्या ज्या बापाला अंगावरचा सदरा धुवून वाळेपर्यंत बनियनवर बसावं लागायचं, तो भिंतीत सोनं कुठून पुरणार, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

आई बाजेवर बसून होती. म्हणाली, "काय खुडखुड करून राह्यला तिथं?"

"किल्ली पडली," मी म्हणालो.

पुढे काम जसजसं सरकलं तसतसा माझा संशय पक्का होत गेला. देवळ्या बुजल्याच नाहीत, उलट त्यांच्या कडा घोटून गुळगुळीत झाल्या. जुना उंबरठा निघाला, पण त्या जागी काळ्या दगडाची बोटभर उंच पट्टी बसली. भिंतीचं प्लास्टर झालं, पण कमरेच्या उंचीवर बाजेपासून दारापर्यंत एक आडवी रेघ उठलेली राहिली. सपाट करायला सांगितलं की "करतो भाऊ" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी रेघ तशीच. दार हलवायचं तर नावच काढत नव्हता. मी आत गेलो की आई आणि तो बोलता बोलता गप्प व्हायचे. चहा आधी त्याला. आई कप पुढे करून नुसती उभी राहायची आणि तोच चार पावलं पुढे येऊन घ्यायचा. मला वाटलं, काय लाड चाललेत.

मग मला वेगळीच भीती वाटायला लागली. हंडाबिंडा राहिला बाजूला, हा एकट्या म्हातारीला गोड बोलून घरच लाटणार. कोणत्या कागदावर अंगठा घेईल सांगता येत नाही. मी आईची ट्रंक उघडली. घराचे कागद जागच्या जागी होते. ते मी तिला न सांगता पिशवीत घातले आणि यवतमाळला घेऊन आलो. आईचं घर कोणीतरी तिच्या हातातून काढून घेतंय, आणि ते मला थांबवायचं आहे, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

एका बाजारच्या दिवशी मुद्दाम सांगितलं की आज येणार नाही, आणि दहाच्या गाडीने गेलो. दारात उभा राहिलो. मिस्तरीने आईचं मनगट धरलं होतं आणि तिचा पंजा ओल्या प्लास्टरवर दाबत होता. आईचं तोंड माझ्याच बाजूला होतं. मी समोर चार हातांवर उभा, तरी तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, काय निगरगट्टपणा!

"काय चाललं हे?" मी ओरडलो.

दोघंही दचकले. आई म्हणाली, "तू आज येनार नव्हता ना?"

"म्हणूनच आलो."

मिस्तरीला मी नाही नाही ते बोललो. म्हाताऱ्या बाईला भुलवतो, जादूटोणे करतो, लाज नाही वाटत. त्याने आईकडे पाहिलं. आईने नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग त्याने थापी, ओळंबा गोळा केला आणि फाटकापाशी थांबून म्हणाला, "भाऊ, एक आयका. दार नका हालवू. बाकी तुमची मर्जी." मी मनात म्हटलं, अच्छा, म्हणजे माल दारापाशी आहे तर.

यवतमाळहून दुसरा मिस्तरी आणला, ठेक्यावर. आईला आठ दिवस माझ्याकडे ठेवलं. ती आली, पण दिवसभर एका खुर्चीवर बसून असायची, टीव्हीही लावायची नाही. रुसली आहे असं मी धरलं. घाटंजीला दाराजवळची भिंत फोडताना मी स्वतः उभा होतो. माती निघाली, आणि खापराचे तुकडे. नव्या मिस्तरीने मी सांगितलेलं सगळं केलं. देवळ्या गेल्या, उंबरठे गेले, रेघ गेली, दार कोपऱ्यात गेलं, भिंती दुधासारख्या झाल्या.

आईला घेऊन गेलो तेव्हा मी खुशीत होतो. बघ कशा टाइल्स आहेत, बघ किती उजेड आला. ती बाजेपाशी उभी राहिली, हात भिंतीला लावला आणि बराच वेळ फिरवत राहिली. मग सरळ चालायला लागली. सात पावलं चालली आणि तिचं कपाळ नव्या भिंतीवर आपटलं. जोरात नाही. पण ती मागे झाली नाही. दोन्ही पंजे भिंतीवर ठेवून वर-खाली चाचपत राहिली.

"बाबू, दार कुठं गेलं?"

दार तिच्या डाव्या हाताला उघडं होतं. त्यातून ऊन आत येत होतं.

बाजेवर बसल्यावर तिने सांगितलं. दोन वर्षं झाली. शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे मिस्तरीनेच तिला गाडीवर बसवून नेलं होतं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि उरलेलीही हळूहळू गेली. कोणाला सांगायचं नाही अशी शपथ तिने मिस्तरीला घातली होती. काम निघणारच असेल तर तिला हाताने वाचता येईल असं घर त्याने बांधावं, एवढंच त्यांच्यात ठरलं होतं.

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू मले यवतमाळले घेऊन गेला असता. या घरात मले डोये लागत नव्हते रे."

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. मी दोन महिने त्या घरात बसून सगळ्यांवर नजर ठेवली आणि माझ्या आईच्या नजरेकडे एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मिस्तरीच्या गावी गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "राहू द्या भाऊ, मावशी कशी आहे?" आणि हत्यारं घेऊन माझ्याबरोबर आला. देवळ्या पुन्हा कोरल्या. रेघ पुन्हा उठवली, आता कोपऱ्यातल्या दारापर्यंत. जुन्या दाराच्या जागी त्याने हात ठेवून पाहिलं. मागे बाथरूमचे पाईप बसले होते. "हे आता नाई होत भाऊ," म्हणाला.

मी तिथेच मुक्काम टाकला. आईने चार दिवस नव्या रेघेवर हात ठेवून चालायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी सातव्या पावलाला थांबायची, हात पुढे करायची, मग आठवून डावीकडे वळायची. दोनदा दाराच्या कडेला आपटली. एकदा उकळता चहा पायावर सांडला. पाचव्या दिवशी ती उठलीच नाही. दुपारी तिने मला हाक मारली आणि पाणी मागितलं. आजवर तिने माझ्याकडे कधी पाणी मागितलं नव्हतं. मी ग्लास नेऊन तिच्या हातात दिला. ती सावकाश प्यायली, रिकामा ग्लास मी कुठे उभा आहे त्या अंदाजाने पुढे केला आणि म्हणाली, "कदी जायचं मंग यवतमाळले?"