दोनदा घंटी

पुढारी सायकल चालवताना कधी मागे वळून बघत नसे. पुढारी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, आणि राजकारणाशी त्याचा संबंध एवढाच, की निवडणुकीच्या मिरवणुकांनी रस्ते अडले की तो सगळ्या पक्षांना सारख्याच शिव्या घाली. उन्हाळ्यात गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सायकलींवरून फिरवायचं, हा त्याचा धंदा. बारा पाहुणे, बारा पिवळ्या सायकली, आणि सगळ्यांच्या पुढे हा, छाती काढून आणि तोंडाचा पट्टा सोडून. म्हणून सगळी गल्ली त्याला पुढारी म्हणायची.

मागे न बघण्याचं कारण कलिंगडं. धंद्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका वळणावर ‘सगळे आले ना?’ म्हणून त्याने मान वळवली, मानेबरोबर हँडल वळलं, आणि तो थेट कलिंगडांच्या गाडीवर जाऊन आदळला. मागचे आठ पाहुणे मेंढरांसारखे एकामागोमाग एक त्याच कलिंगडांत शिरले. त्या संध्याकाळी त्याच्या शर्टावरच्या बिया वेचता वेचता बायकोने सांगितलं, “उद्यापासून मी मागे राहते. तुम्ही फक्त पुढे बघायचं.” लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते.

तिने आपल्या सायकलला पितळेची एक जुनी, जाड घंटी बसवून घेतली. नियम सोपा होता. वळण किंवा चढण आली की शेवटचा पाहुणा पार होईपर्यंत तिने थांबायचं आणि मग दोनदा घंटी वाजवायची. म्हणजे सगळे आले, पुढे चला. एकदाच वाजली तर कोणीतरी मागे राहिलंय, थांबा. त्यानंतर सत्तावीस उन्हाळे पुढाऱ्याने त्या घंटीवर डोळे मिटून विश्वास टाकला. कलिंगडवाल्याशी तर पुढे इतकी दोस्ती झाली, की तो पाहुण्यांना फुकट फोडी वाटायचा आणि ती अपघाताची गोष्ट पुढाऱ्यापेक्षा रंगवून सांगायचा.

सकाळी आठ वाजता घराच्या पायऱ्यांसमोर सायकली लागायच्या. पुढारी पाहुण्यांना सांगायचा, “मी डोकं आणि ही शेपूट. डोकं चुकलं तर घाबरू नका, शेपूट घरी आणते.” पाहुणे हसायचे. ती नुसती कोणाची सीट खाली कर, कोणाची चेन बघ, असं करत राहायची. मग घड्याळाचा मनोरा यायचा. “हे घड्याळ सव्वाचारला बंद पडलंय. नगरपालिकेला विचारलं, दुरुस्त कधी करणार? म्हणाले, आज सव्वाचारला.” मग मासळीबाजार, मग नदीवरचा पूल, मग खुर्च्या विणणाऱ्याच्या दुकानावरून जाणारी लांब चढण, आणि चढणीनंतर सपाट गल्लीतून बेकरी. तिथे भट्टीतून काढलेले गरम पाव आणि त्यावर वितळणारं लोणी. बायकोचा पाव पुढारी कागदात गुंडाळून वेगळा ठेवायचा, कारण ती येईपर्यंत पाहुणे ताट साफ करायचे.

चढणीनंतरच्या त्या सपाट गल्लीत दोन दारांचं एक घर होतं, आणि तिथली गोष्ट हा पुढाऱ्याचा हुकमी एक्का. चाळीस वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ त्या घरात राहायचे, पण टपालाची पेटी एकच. रोज सकाळी जो आधी उठेल तो दोघांचीही पत्रं वाचायचा, त्यामुळे घरात अबोला असला तरी कोणाच्या घरात काय चाललंय हे दोघांना अक्षर अन् अक्षर माहीत. ही गोष्ट पुढारी सायकल चालवतच सांगायचा, मान न वळवता, नरड्याच्या शिरा ताणून, म्हणजे बाराव्या पाहुण्यालाही ऐकू जावी.

संध्याकाळी तो बायकोला विचारायचा, “आज कसा बोललो गं?”

“मला काय माहीत? मागे तुमचं काही ऐकू येत नाही. नुसता आवाज येतो.”

सत्तावीस वर्षांत तिने त्याची एकही गोष्ट धड ऐकली नव्हती. ती बघायची पाठी. बारा पाठी आणि त्यांच्या पुढे तेरावी. पाठीवरून तिला सगळं कळायचं. या नवरा-बायकोचं सकाळी भांडण झालंय, या बाईला घरची आठवण येतेय, हे आजोबा दमलेत पण सांगणार नाहीत. एकदा रात्रीची भाकरी थापावी इतक्या सहजपणे ती म्हणाली, “अहो, तुमची पाठ डावीकडे कलायला लागलीय. डॉक्टरला दाखवा.” त्याने उडवून लावलं, तर ती स्वतः त्याला घेऊन गेली. मणक्यात खरंच दोष निघाला, वेळेत पट्टा लागला, पाठ सरळ झाली. पुढारी सगळ्यांना कौतुकाने सांगायचा, “आमच्या हिच्या नजरेतून काही सुटत नाही.” तिच्याकडे कोण बघतंय, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही. खरं सांगायचं तर कोणालाच पडला नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात चढणीवर दोनदा घंटी वाजली. पुढारी निघाला. त्या दिवशीची मंडळी मोठी हसरी होती. दोन भावांच्या गोष्टीला तर एक गृहस्थ इतके हसले की त्यांची सायकल भिंतीला घासली. बेकरीवर पाव वाटून झाले, लोणी संपलं, कागदात गुंडाळलेला पाव पुढाऱ्याच्या हातात तसाच राहिला. “कोणाचं तरी पंक्चर काढत बसली असेल,” तो म्हणाला. मग त्याने सायकली मोजल्या, आणि बाराही तिथेच होत्या.

एक पाहुणी म्हणाली, “त्या मागे दुकानापाशी बसल्यात ना. पुढे व्हा, मी आलेच, म्हणाल्या.”

तो पाव खिशात घालून उलटा निघाला. खुर्च्या विणणाऱ्याच्या दुकानासमोर गर्दी होती. ती एका खुर्चीत बसली होती, डोकं दाराच्या चौकटीला टेकलेलं. सायकल शेजारी नीट स्टँडवर लावलेली. अंग अजून कोमट होतं, पण ती गेली होती. मधे वीस मिनिटं झाली होती आणि त्यातली सगळी त्याने लोकांना हसवण्यात घालवली होती. तो पाव त्याच्या कोटाच्या खिशात दगड होईपर्यंत राहिला. नंतर मेव्हणीने कोट धुवायला घेतला तेव्हा तिला सापडला. 

थंडीचे महिने पुढाऱ्याने खिडकीशी बसून काढले. सायकलींवर चादरी टाकलेल्या. दुःख तर होतंच, पण त्याच्या पोटात राग होता, आणि तो राग तिच्यावर होता. एकदाच वाजवायची होती ना घंटी! नियम तूच केलास. एकदा वाजवली असतीस तर मी सायकल टाकून आलो असतो. दोनदा कशाला वाजवलीस? सगळे आले म्हणालीस, आणि तू कुठे आलीस? हे भांडण तो रोज भांडायचा आणि रोज हरायचा, कारण पलीकडून उत्तर नव्हतं.

ऊन तापायला लागलं तशी मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, येऊन चादरी ओढून काढायला लागली. बहिणीसारखीच बुटकी, पण तोंडाला फटकळ.

“भावोजी, पुढच्या सोमवारची बारा माणसं येताहेत. मी होकार कळवलाय.”

“कोणाला विचारून?”

“कोणालाही नाही. मागे मी राहीन. ताईची घंटी आहेच.”

“मला ती चढण चढवत नाही गं.”

“मग दुसरा रस्ता शोधा. पण खिडकीत बसून माझ्या बहिणीशी भांडू नका. बाहेर ऐकू येतं.”

दुसरा रस्ता शोधायला तो पायीच निघाला. एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला कपडे वाळत घातलेलं इतकं अरुंद बोळ की हँडल मावायचं नाही. बेकरीला जायचं तर चढण चुकत नव्हती. शेवटी भिंतीकडे तोंड करून तो दुकानावरून जायला लागला, पण खुर्च्या विणणाऱ्याने हाक मारलीच.

“पुढारी, या की. किती दिवस तोंड लपवणार? वहिनींची खुर्ची मी अजून विकली नाही.”

“तिची खुर्ची?”

आपण काहीतरी भलतंच बोललो, हे खुर्च्या विणणाऱ्याच्या लक्षात आलं. भिजलेला वेत पाटीत ठेवून, हात पुसत तो म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. गेला सगळा उन्हाळा त्या रोज इथे बसायच्या. इथवर चढून आल्या की छातीला हात लावून दोन मिनिटं टेकायच्या. मी बुटक्या पायांची खुर्ची करून दिली. सायकल अशी जवळ लावायच्या, बसल्या बसल्या घंटीला हात पोचेल अशी. शेवटचा पाहुणा वर पोचला की वाजवायच्या. मग या बोळातून सायकल उचलून, आडवी करून, बेकरीच्या मागच्या दाराने तुम्हाला गाठायच्या.”

“आणि मला एका शब्दाने नाही सांगितलंत?”

“मी त्यांना म्हटलं, वहिनी, पुढाऱ्यांना सांगा. हसल्या. म्हणाल्या, सांगितलं तर ते मागे वळून बघायला लागतील, आणि मग पुन्हा सगळे कलिंगडात.”

पुढाऱ्याला हसू आलं, आणि त्या हसण्यानेच त्याला रडू फुटलं. लहान मुलासारखा तो त्या बुटक्या खुर्चीत बसून रडला. खुर्च्या विणणाऱ्याने आतून पाणी आणलं.

“पण शेवटच्या दिवशी तरी,” पुढारी म्हणाला, “एवढं दुखत असताना, दोनदा का वाजवली तिने?”

“तेव्हा कुठे दुखत होतं? तेव्हा ठीक होत्या. ऊन फार आहे, म्हणाल्या. मी मागच्या अंगणात वेत भिजत घालायला गेलो. दोनदा वाजली ती ऐकली, रोजच्यासारखी. मग तुमची ती दोन भावांची गोष्ट सुरू झाली. तुमचा आवाज तर अंगणापर्यंत येतो. लोक खदाखदा हसत होते. तेवढ्यात आणखी एकदा वाजली.”

“एकदा?”

“एकदाच. मला वाटलं, उठताना हात लागला असेल. रोज दोनदाच वाजायची ना, म्हणून लक्षात राहिलं.” त्याने पेला उचलला. “का हो?”

“काही नाही,” पुढारी म्हणाला.

नियम या माणसाला माहीत नव्हता, आणि तो सांगून त्याच्याही जिवाला घोर लावायचा नाही, एवढी बुद्धी पुढाऱ्याला त्या क्षणी झाली. तो उठला, खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी आला. त्या दिवसापासून त्याचं बायकोशी भांडण संपलं. तिने नियम पाळला होता. तिने त्याला बोलावलं होतं. सत्तावीस वर्षं ज्या आवाजावर त्याने डोळे मिटून विश्वास टाकला, तो आवाज आला तेव्हा हा स्वतःच्या गोष्टीत रंगला होता. आता राग करायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि राग होता तोवर बरं होतं, असं त्याला पुष्कळदा वाटे.

मेव्हणीला त्याने हे सांगितलं नाही. सोमवारी फक्त म्हणाला, “सायकली काढ.”

बारा माणसं आली. डोकं आणि शेपटीचा विनोद त्याने केला नाही. मनोऱ्यापाशी सव्वाचारचा केला, लोक हसले. मासळीबाजारात एका काकूंच्या सँडलवर खेकडा चढला आणि त्याहून जास्त हसले. मेव्हणी मागून प्रत्येक वळणावर घंटी वाजवत होती, जरा जास्तच जोरात. प्रत्येक वेळी त्याच्या मानेवर काटा यायचा, पण तो पुढे बघत राहिला.

चढणीच्या वर आल्यावर मात्र तो सायकलवरून उतरला. पाहुणेही उतरले. मागून दोनदा घंटी वाजली. पुढारी हलला नाही. तो तोंड फिरवून, हँडल धरून, मागे बघत उभा राहिला. दुकानासमोर बुटकी खुर्ची रिकामी होती. थोड्या वेळाने मेव्हणी धापा टाकत, लालबुंद होऊन वर आली.

“अहो भावोजी, दोनदा वाजवली की! ऐकू नाही आली?”

“आली,” तो म्हणाला. तिचा श्वास खाली बसेपर्यंत तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, “आता बेकरीपर्यंत कोणी बोलायचं नाही.”

ते निघाले. सपाट गल्ली, चौदा सायकलींच्या चेनांची कुरकुर. डावीकडे दोन दारांचं घर आणि त्याची एकुलती एक टपालपेटी आली. एक तरुण पाहुणा त्याच्या बरोबरीने येऊन कुजबुजला, “या घराची काहीतरी मजेदार गोष्ट आहे ना? मागच्या वर्षी आलेल्या माझ्या मित्राने सांगितलंय. सांगा ना.”

“इथे नाही सांगत आता,” पुढारी म्हणाला. “बोलत राहिलं की मागचं ऐकू येत नाही.”