माजी महापौरांचा नमस्कार

सकाळी दूध घेऊन येताना माजी महापौर दिसले. काठी टेकत एकटेच चालले होते आणि प्रत्येक दारापाशी थांबून हात जोडत होते. दार बंद असलं तरी. प्रचारातली सवय सुटत नसावी.

कुणी त्यांना विकासपुरुष म्हणतं, कुणी लुटारू. हा रुंद रस्ता त्यांचाच. त्यापायी आमचं निम्मं घर पाडलं, त्यात आईचं देवघर गेलं. तिनं तेव्हा भररस्त्यात त्यांना शिव्याशाप दिले होते. गेल्या वर्षी मात्र तिच्या छातीत कळ आली आणि अ‍ॅम्ब्युलन्स थेट दारात आली. जुन्या बोळात ती शिरलीच नसती. तेव्हापासून मला या माणसाला धड शिव्याही घालता येत नाहीत.

ते आमच्या दाराशी थांबले. आई पायरीवर बसली होती.

“बरं आहे ना, माई?” त्यांनी हात जोडले.

“देवघर गेलं, मी राहिले,” आई म्हणाली. “आता तुम्हीच सांगा, नमस्कार कुणाला करू?”

त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या होत्या. बरं झालं. नाहीतर मलाही ठरवावं लागलं असतं.