मधलं पेडल

भाऊजींच्या हातून चूक होऊ शकते हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी हातातली सुई मी स्वतःच्याच बोटात खुपसून घेतली होती. ती खुपसलेली आहे हे मला बऱ्याच वेळाने कळलं. एवढी मी हबकले होते.

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, गाड्या दुरुस्त करतात, आणि त्यांच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत मी गाड्यांच्या सीटा शिवते. भाऊजी म्हणजे मोजमापाचा माणूस. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बसल्या बसल्या म्हणाले, "या खुर्चीचा मागचा पाय आखूड आहे." दुसऱ्यांदा आले ते त्या पायाला लावायची रबरी चकती खिशात घेऊनच. ताई त्या चकतीवर भाळली. मी असते तर खुर्चीच डोक्यात घातली असती. कपाळाला हात लावायची वेळ आली तरी हा माणूस आधी फडक्याला हात पुसणार. गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला आहे, आणि एखादा पाना दुसऱ्याच्या जागी टांगला गेला तर यांना जेवण जात नाही.

अशा माणसाकडे दातांच्या एक डॉक्टरीणबाई आपल्या वडिलांची गाडी घेऊन आल्या. लांब नाकाची, काळी, बाईंच्या जन्माआधीची. आजोबांनी ती तरुणपणी घेतली आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाला चालवायला दिली नाही. गाडी अजून ठणठणीत होती, पण बाईंना रात्रंदिवस घोर. स्टीअरिंग इतकं जड की वळणावर आजोबा सीटवरून अर्धे उठायचे. स्टीअरिंगचा दांडा म्हणजे पुढच्या चाकांपासून थेट छातीपर्यंत आलेली एकसंध लोखंडी कांब. समोरून धडक बसली तर ती कांब सरळ छातीत. ब्रेक लागायला त्याच्यावर जवळजवळ उभंच राहावं लागायचं. आणि कहर म्हणजे पेडलं उलटसुलट. डावीकडे क्लच होता तो ठीक, पण मधे गॅस, म्हणजे वेग वाढवायचं पेडल, आणि उजव्या टोकाला ब्रेक. त्या काळच्या काही गाड्यांत असं असायचं म्हणे. मला ऐकूनच घाम फुटला.

"सगळं आजच्या गाडीसारखं करून द्या," बाई म्हणाल्या. "मला बाबा हवेत."

आजोबा रुसले होते. माझ्या खोलीत येऊन फोमच्या गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, "माझे गुडघे तेवढे बदलायचे राहिलेत. तेही मिस्त्रींना सांगून टाका."

भाऊजींनी भंगारातून एका छोट्या नव्या गाडीचा स्टीअरिंगचा दांडा मिळवला. हा दांडा धडक बसली की दुमडतो, आणि त्याला मोटर असल्यामुळे चाक एका बोटाने वळतं. पेडलंही त्याच गाडीची घेतली, जोर वाढवणाऱ्या बूस्टरसकट. पुठ्ठे कापून, आत लावून बघून, परत कापून त्यांनी सगळं बसवलं. आजोबांचा पाय खुब्यापासून टाचेपर्यंत मोजला. बुटाचा तळवासुद्धा मोजला! वेल्डिंग झाल्यावर ते आजोबांना गाडीत बसवायचे आणि इंजिन बंद ठेवून सराव करून घ्यायचे. "क्लच, ब्रेक, गॅस," भाऊजी म्हणायचे. "क्लच, ब्रेक, गॅस," आजोबा पाढ्यासारखं म्हणायचे, आणि पाय बरोबर त्या त्या जागी ठेवायचे.

"पाठ झालं त्यांचं," भाऊजी मला म्हणाले, अगदी खूष होऊन.

मग चाचणीचा दिवस आला. मागच्या मोकळ्या मैदानात आजोबांनी फेऱ्या मारल्या, भाऊजी शेजारी बसलेले. आजोबांचा रुसवा पार पळाला. "अहो मिस्त्री, हे तर नुसतं बघितलं तरी वळतंय!" म्हणत ते हसत होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिवणाची सुई घेऊन दारात उभी होते. गाडी हळूहळू गॅरेजकडे परत येत होती, आणि तिला आत घ्यायला ताई फाटक ढकलायला गेली. पाठ गाडीकडे.

आजोबांना ती दिसली. त्यांचा चेहरा मी काचेतून स्पष्ट पाहिला. त्यांनी जीव खाऊन ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही. गाडीने उडी घेतली.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. भाऊजींनी शेजारून हात घातला आणि चाक ओढलं. एका हाताने! जुनं जड चाक असतं तर तसूभरही हललं नसतं आणि आज मला ताई नसती. गाडी जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. जाता जाता तिच्या पुढच्या मडगार्डने ताईला उडवलं आणि ताई फाटकाच्या खांबावर आपटली. मनगट मोडलं. इंजिन किंचाळत होतं. भाऊजींनी किल्ली फिरवली तेव्हा कुठे शांत झालं.

"बाबा! ब्रेक का नाही दाबलात?" बाई धावत आल्या.

"दाबलाय," आजोबा म्हणाले. "हा बघ ना, अजून दाबलाय."

आम्ही सगळ्यांनी आत पाहिलं. त्यांचा पाय उजव्या टोकाच्या पेडलवर होता, बुडापर्यंत दाबलेला. ते पेडल गॅसचं होतं.

"संपलं," बाई म्हणाल्या. "आता गाडी बंद. वय झालं तुमचं, मलाच कळायला हवं होतं." आजोबांनी एका शब्दाने वाद घातला नाही. पायाकडे बघत म्हणाले, "हो गं. डोकंच गेलं माझं."

भाऊजींनी हे सगळं ऐकलं आणि ते ताईला उठवायला गेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण मला वाटलं तो ताईमुळे.

दवाखान्यातून टॅक्सीने परत येताना ताई प्लास्टर मांडीवर घेऊन बसली होती. भाऊजी एकदम म्हणाले, "त्यांचा पाय चुकला नाही. उभं आयुष्य तो ब्रेकसाठी उजवीकडे गेला, आजही उजवीकडेच गेला. ब्रेक मी हलवला."

"मग तिथे का नाही बोललात?" ताईने विचारलं.

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. "जीभ काय तिथे भिंतीवर टांगून ठेवली होती का?" मी म्हटलं. टॅक्सीवाला आरशातून बघायला लागला. बघेना का! एका म्हाताऱ्या माणसाने सगळ्यांसमोर स्वतःला वेडा म्हणवून घेतलं आणि आमच्या सगळं मोजणाऱ्या भाऊजींनी ते ऐकून घेतलं, हे मला पचतच नव्हतं.

घरी पोचल्या पोचल्या ताईने त्यांना फोन लावायला लावला. बाईंनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. "तुम्ही भले आहात, म्हणून असं म्हणताय. पण त्यांनी पाठ केलं होतं ना? ऐन वेळी विसरले. यालाच वय म्हणतात." चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. बाबांनी दाढी करणं सोडलंय, त्या म्हणाल्या. हात कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणतात. चहाचं पातेलं उतरवायलाही मला हाक मारतात. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसून असतात.

हे मात्र ऐकवेना. गाडी कुणी चालवो न चालवो, पण चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला स्वतःच्या हाताची भीती वाटावी?

भाऊजींनी पेडलं परत उतरवली. नवा ब्रेक, नवा जोर, सगळं तेच ठेवलं, फक्त जागा जुन्या केल्या. मधे गॅस, उजवीकडे ब्रेक. काम पूर्ण झालं त्या दिवशी त्यांनी बाईंना गळ घातली, एकदा आजोबांना घेऊन या, त्यांना चालवू द्या, मग काय ते ठरवा. बाई आल्या त्या केवळ भिडेखातर. आजोबा गाडीच्या जवळही गेले नाहीत. दाढीचे खुंट वाढलेले, हात कोटाच्या खिशात. भिंतीशी खुर्ची घेऊन बसले आणि जमिनीकडे बघत राहिले.

"मी बाहेर काढून देतो," भाऊजी म्हणाले. "मग तुम्ही बसा."

ते गाडीत बसले. पेडलांची अदलाबदल सकाळीच स्वतःच्या हातांनी केलेली. या गावात ते कुणाला पाठ असेल तर त्यांनाच. गाडी चालू केली, मधलं पेडल हळूच दाबलं, गाडी छान पुढे सरकली. विचार करायला वेळ असला की कुणालाही जमतं. तेवढ्यात गॅरेजच्या तोंडाशी एक पाववाला सायकलवर आडवा आला.

भाऊजींनी जीव खाऊन ब्रेक दाबला.

आणि गाडीने तश्शीच उडी घेतली! पाववाला कसा निसटला देव जाणे. गाडी दाराच्या फळीला घासून बाहेर पडली आणि पाण्याच्या लोखंडी पिंपावर आदळून बंद पडली. पिंप आडवं झालं, पाणी आमच्या पायांवरून वाहत गेलं, दोन पाव त्यात तरंगायला लागले. मी तोंडावर हात धरून उभी. ताई खाली बसली. जे एकदा पाहून रात्रभर झोप लागली नव्हती, ते परत, आणि तेही भाऊजींच्या हातून! चाळिशीतला, दारूला न शिवणारा, तळवे मोजणारा माणूस!

बाई पाण्यातून चालत गेल्या आणि खिडकीतून वाकल्या. भाऊजींचा पाय मधल्या पेडलवर होता, बाकीच्या गाड्यांत ब्रेक असतो तिथे, बुडापर्यंत दाबलेला.

"मी ब्रेक दाबला होता," भाऊजी म्हणाले. चाक सोडायचंही त्यांना सुचत नव्हतं. "बाई, शप्पथ, मी ब्रेकच दाबला होता."

बाई सरळ उभ्या राहिल्या आणि वडिलांकडे वळल्या. पण आजोबा खुर्चीत नव्हते. ते केव्हाच गाडीशी येऊन पोचले होते, आणि त्यांचे हात खिशाबाहेर होते.

"उतरा, मिस्त्री," ते म्हणाले.

भाऊजी उतरले. आजोबा बसले. पुढचा एक दिवा फुटला होता, बंपर वाकला होता, पण गाडी एका झटक्यात चालू झाली. त्यांनी ती मागे घेतली, वळवली आणि ताईसमोर आणून उभी केली. मला वाटलं ताई मागे सरकेल. ताईने दरवाजा उघडला.

"आजोबा, आज प्लास्टर दाखवायला जायचंय. सोडता का?"

"ताई!" मी किंचाळले.

"तू ओरडू नकोस गं," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसून तिने एका हाताने दार ओढून घेतलं.

गाडी गल्लीच्या टोकाला पोचली आणि समोरून एक ट्रक भरधाव आला. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा ट्रक निघून गेला होता आणि गाडी कोपऱ्यावर जिथल्या तिथे उभी होती. मग ती सावकाश वळली.

बाई पाण्यातच उभ्या होत्या. "मी त्यांना वेडं ठरवलं हो," त्या म्हणाल्या.

"मी ठरवू दिलं," भाऊजी म्हणाले.