खरबुजांची शिंपीण

आक्कानं तीस वर्षं लहान मुलींचे फ्रॉक शिवले. फ्रॉक उलटा करून पाहिला तरी शिवण सुलट्यासारखीच दिसायची. मग एका आजारपणानंतर तिचा उजवा हात थरथरू लागला आणि गिऱ्हाइकं हळूहळू तुटली. मशीनवर तिनं चादर टाकली. खोलीत शिरताना ती तिकडे बघायची नाही.

एके दिवशी धाकटा भाऊ पांढऱ्या, हलक्या कापडाचा गठ्ठा घेऊन आला. तो खरबुजं लावायचा. मागच्या हंगामात पांढऱ्या माशीनं त्याची कोवळी रोपं पार पिवळी करून टाकली होती.

"आक्का, हे पट्टे जोडून दे. वेलांवर पांघरायचेत."

"माझी कीव करायला आलास?"

"कीव कसली? शिवण वाकडी गेली तरी चालेल. वेल काही आरशात बघत नाहीत."

आक्काला हसू फुटलं. तिनं चादर काढली.

तारेच्या कमानींवर कापड ताणून भावानं कडा मातीनं दाबल्या. आक्का रोज सकाळी शेतात जायची, एक कड उचलून आत डोकावायची. पानांवर एक डाग नाही! "छान बाळसं धरलंय गं," ती वेलांना सांगायची.

फुलं दिसली तसा भाऊ म्हणाला, "आता कापड काढायला हवं."

"राहू दे अजून आठ दिवस. बाहेर माशी टपलीय."

थोरल्या बहिणीपुढे त्याचं काही चाललं नाही. आठ दिवसांनी भावानं सगळ्या ओळी तपासल्या तर फुलं गळून पडलेली, फळ एकही धरलेलं नाही.

"माशीबरोबर मधमाशीलाही आपण बाहेर ठेवलं, आक्का," तो हळूच म्हणाला.

ती बांधावर मटकन बसली. "मीच घात केला रे."

"घात कसला! नवी फुलं येतायत. ऊठ बघू."

त्यांनी कापड काढलं. मधमाश्यांची वाट न बघता त्यानं नर फूल खुडून मादी फुलाला कसं टेकवायचं ते दाखवलं. आक्कानं फूल डाव्या हातात घेतलं.

"उजव्या हातानं कर."

"तो थरथरतो."

"म्हणूनच. पराग चांगला झडेल."

ओळीमागून ओळ, कंबर मोडेपर्यंत तिनं फुलं टेकवली. तिसऱ्या दिवशी मधमाश्या आल्या, तरी ती हटेना. "त्यांना पलीकडच्या ओळी दे, या माझ्या!"

फळं पंधरवडाभर उशिरा आली, पण आली.

आता आसपासचे शेतकरीही तिच्याकडे कापड आणतात. कात्री लावण्याआधी ती विचारते, "फुलावर कधी येणार?" आणि एक बाजू शिवत नाही, तिथं नाड्या लावून देते, चटकन सोडता येतील अशा.