शेंदूर लावलेली बॅटरी

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पण गाडीचं दुखणं मी आवाजावरून सांगायचो, आणि हे फुशारकीनं नाही, खरं आहे म्हणून लिहितो.

साठ सालानंतरची गोष्ट. शहाद्याकडे तापीकाठच्या एका गावात, गुजर शेतकऱ्याच्या घरी मी डायवर होतो. मालकाची गाडी विलायती, जुनी, सहा व्होल्टची. तिचे दिवे असे, की समोरचा बैल दिसायच्या आधी त्याच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. डायनामो म्हातारा झाला होता. बॅटरी रोज बसायची आणि केळीच्या बागेतले गडी धक्का मारायला बोलवावे लागायचे. भर बाजारात धक्का मारायची वेळ आली की लोक मालकाकडे नाही, माझ्याकडे बघून हसायचे.

मालकांनी ठरवलं, जीपचा बारा व्होल्टचा डायनामो बसवायचा. सोबत नवी बॅटरी आणि नवा कटआउट, म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला आपोआप जोडणारा-तोडणारा खटका. काम दिलं सुरतेकडून शहाद्याला आलेल्या एका मिस्तरीला. हे नीट झालं तर मळ्यावरची पाण्याची तिन्ही इंजिनं तुझ्याकडे, असं मालकांनी त्याला सांगितलं होतं. त्या भरवशावर त्यानं बायको आणून खोली केली होती.

मला तो माणूस पटला नाही. फार गोड बोलायचा. मी त्याच्या दुकानात स्टूल टाकून बसलो, काढलेले स्क्रू मोजले, जुने बल्ब खिशात घातले. तो हसायचा, म्हणून संशय आणखी वाढला. त्यातून बॅटरी चार्जिंगला दोन दिवस त्याच्याकडे ठेवायची होती. नवी बॅटरी ठेवून घेतात आणि तसलीच जुनी गळ्यात मारतात, हे मी ऐकून होतो. मग मी खूण केली. नवी वस्तू घरात आली की आमच्याकडे शेंदूर लावतात, कोणी विचारत नाही. तेलात कालवलेला शेंदूर मी बॅटरीच्या एका खांबाच्या, म्हणजे वायर आवळायच्या टोकाच्या, बुडाशी गोल, चांगला जाड लिंपला.

तिसऱ्या दिवशी मालकाच्या अंगणात तो बॅटरी बसवायला लागला. मी वाकून पाहिलं, शेंदूर जागेवर होता. मनात म्हटलं, चोर हुशार आहे, पण मी त्याच्या वर. तेवढ्यात त्यानं विचारलं, "दादा, लाल खांब प्लस शे ना?"

मला वाटलं, हा माझी खूण काढून घेतोय. मी म्हणालो, "तुले दखास नई का?" दिसत नाही का तुला?

त्यानं वायरी आवळल्या. इंजिन चालू झालं, दिवे असे लागले की मालकीणबाई ओट्यावर आल्या. मग त्यानं रेस वाढवली. कटआउट चिकटला, डायनामोतून धूर निघाला आणि अंगणभर जळक्या वार्निशचा वास सुटला.

मीच आधी बोललो. सगळ्यांसमोर म्हणालो, पहिल्या दिवसापासून सांगत होतो, याला काम येत नाही. मिस्तरीनं इंजिन बंद केलं. "मन्ही चूक शे, भाऊ," एवढंच मालकांना म्हणाला, आणि हत्यारं पोत्यात भरून चालत गेला.

बॅटरी मी उतरवली. दुसरीकडे दाखवायची म्हणून चिंधीनं शेंदूर पुसला. खाली मायनसची आडवी रेघ निघाली. प्लसची वायर त्यानं शेंदूर बघून मायनसला आवळली होती. माझ्याकडे बघून विचारलंही होतं.

मी चिंधी चुलीत टाकली.

दोन दिवस गेले. मग मालकांनी नंदुरबारहून दुसरा माणूस आणायचं काढलं, तेव्हा मी म्हणालो की काम त्याच मिस्तरीला द्या, इंजिनंही त्यालाच द्या, नाहीतर किल्ली घ्या. मालकांनी सरळच विचारलं.

"परवा शिव्या देत होतास. काय दिलं रे त्यानं तुला?"

शेंदराचं तोंडापर्यंत आलं होतं. पण मालकीणबाई, गडी, सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "समजा काय समजायचं ते."

मिस्तरी आला. डायनामोचं वाइंडिंग त्यानं स्वतः भरून आणलं होतं. बॅटरीवर वाकला आणि तसाच थांबला. खांब घासलेल्या ताटासारखा लख्ख होता.

"दादा, शेंदूर कोठे गया?" हळूच म्हणाला.

मी बॉनेटची दांडी नीट करत राहिलो. त्यानं वायरींच्या जागा बदलल्या, त्या आवळल्या, आणि पुन्हा काही विचारलं नाही. इंजिनं त्याला मिळाली. पुढे पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याची वस्ती झाली, तोवर त्याचं दुकान चांगलं चाललं होतं.

आणि मालक? मी मिस्तरीची बाजू घेतली त्या दिवसापासून गाडी परत आली की बाभळीची एक काडी पेट्रोलच्या टाकीत बुडवून किती उरलं ते बघायचे. मी नोकरी सोडेपर्यंत बघत होते. टाकीचं झाकण मीच उघडून द्यायचो.